शेलचेक: तीन संगणकांवर चालणाऱ्या एका स्क्रिप्टच्या निमित्ताने

देवगडजवळच्या आमच्या बागेतील हापूसच्या पेट्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या हंगामात रोज संध्याकाळी एक लहानशी शेल स्क्रिप्ट (संगणकाने ओळीने पार पाडायच्या आज्ञांची फाइल) तयार करते. ती मी उबुंटू या लिनक्स प्रणालीवर लिहिली. परंतु वीज गेली की काम पुतणीच्या मॅकबुकवर होते आणि भाऊ तीच स्क्रिप्ट विंडोजवरील डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) चालवतो. तिन्हीकडे ती सारखी चालावी म्हणून गेले दोन हंगाम मी शेलचेक हे मोफत, मुक्तस्रोत साधन वापरत आहे.

शेलचेक स्क्रिप्ट चालवत नाही, केवळ वाचते आणि चूक असलेल्या ओळीखाली खूण करून कारण सांगते. प्रत्येक सूचनेला क्रमांक असतो व त्या क्रमांकाचे स्पष्टीकरण वेगळ्या पानावर उदाहरणासह मिळते. एकदा बसवल्यावर त्याला इंटरनेट लागत नाही, ही आमच्याकडे लहान सोय नव्हे.

त्याचा पहिला मोठा उपयोग विंडोजमुळे झाला. भावाने विंडोजवर बदल करून जतन केलेली स्क्रिप्ट लिनक्सवर सुरूच होईना. संदेश असा की बॅश (स्क्रिप्टमधील आज्ञा वाचून पार पाडणारे शेल) सापडत नाही, आणि बॅश तर जागेवर होते. प्रत्येक ओळीच्या शेवटी विंडोजने ठेवलेले न दिसणारे चिन्ह हे त्याचे कारण होते आणि शेलचेकने ते पहिल्याच ओळीपासून दाखवले. तसेच, स्क्रिप्ट कोणत्या शेलने चालवायची ते सांगणाऱ्या पहिल्या ओळीत ‘एसएच’ लिहून पुढे बॅशपुरतीच असलेली दुहेरी चौकटी कंसांची अट वापरली, तर ते लगेच हरकत घेते. उबुंटूवर ‘एसएच’ म्हणजे बॅश नसून डॅश हे वेगळे शेल आहे, हे मला त्या हरकतीमुळेच कळले. ‘देवगड हापूस’ अशी मध्ये मोकळी जागा असलेली फाइलनावे अवतरणचिन्हांविना वापरण्याची माझी सवयही त्यानेच मोडली.

मात्र त्याची मर्यादा आम्हाला महागात पडली. उद्याची तारीख काढण्यासाठी मी ‘डेट’ या आज्ञेला ‘वजा डी’ हा पर्याय दिला होता. लिनक्सवरील, जीएनयू प्रकल्पाच्या ‘डेट’ला तो ‘उद्या’ या अर्थाने कळतो. मॅकवरील ‘डेट’ बीएसडी या वेगळ्या प्रणाली-घराण्यातील असल्यामुळे तिथे ‘वजा व्ही’ द्यावा लागतो. मॅकवर आज्ञा फसली, तारीख साठवणारे चल रिकामे राहिले, स्क्रिप्ट तशीच पुढे गेली आणि एका संध्याकाळच्या सर्व चिठ्ठ्या तारखेविना छापल्या गेल्या. शेलचेकने त्या ओळीवर चकार शब्द काढला नव्हता, कारण ते शेलचे व्याकरण तपासते. बाहेरच्या आज्ञा प्रत्येक प्रणालीवर कशा वागतात, हे तपासणे त्याच्या कक्षेत नाही. ‘सेड’ या आज्ञेच्या, फाइल जागच्या जागी बदलणाऱ्या ‘वजा आय’ पर्यायाबाबतही हाच फरक आहे: मॅकवर त्यापुढे जुन्या प्रतीसाठीचे जोडनाव, निदान रिकामे, द्यावेच लागते. मॅकसोबत येणारे बॅश 3.2 या जुन्या आवृत्तीचे आहे आणि नाव देऊन त्याचा दर शोधता येईल अशी सारणी बॅश 4.0 मध्ये आली, हेही शेलचेक सांगत नाही.

म्हणून आता तारीख काढण्याचे काम मी एकाच फंक्शनमध्ये ठेवले आहे: ते आधी प्रणालीचे नाव सांगणाऱ्या ‘युनेम’ या आज्ञेला विचारते, उत्तर ‘डार्विन’ (मॅकच्या गाभ्याचे नाव) आले तर मॅकची रीत वापरते आणि तारीख रिकामी आढळल्यास छपाईच थांबवते. शेल स्क्रिप्ट लिहिणाऱ्या प्रत्येकाने शेलचेक बसवावे, असे माझे ठाम मत आहे. अपवाद केवळ झेडएसएच या दुसऱ्या शेलसाठी लिहिलेल्या स्क्रिप्टचा. मॅकवर 2019 पासून तेच शेल आधीपासून निवडलेले मिळते, पण शेलचेक ते तपासत नाही.