सीबीडीची बाटली घेताना: फुल स्पेक्ट्रम, ब्रॉड स्पेक्ट्रम की आयसोलेट?

वैद्यांनी चिठ्ठी दिली आहे आणि आता बाटली कोणती घ्यायची एवढंच ठरायचं आहे, असं धरून लिहितोय. सीबीडी आणि टीएचसी हे भांगेच्या झाडातले दोन घटक. सीबीडीने नशा येत नाही, टीएचसीने येते, हे तुम्हाला माहीत असेलच. हेम्प सीड ऑइलचं मात्र आधीच बाजूला काढतो, कारण गल्लत तिथेच होते. ते त्याच झाडाच्या बियांचं तेल आहे, जवसाच्या तेलासारखं खायचं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) 2021च्या नियमाप्रमाणे अशा खाद्यपदार्थात किलोमागे 75 मि.ग्रॅ.पेक्षा जास्त सीबीडी चालत नाही. म्हणजे पाव किलो तेल संपवलं तरी पोटात जेमतेम 19 मि.ग्रॅ. जाणार. झोपेसाठी किंवा गुडघ्यासाठी ते घेण्यात अर्थ नाही.

तिन्ही प्रकारांची सुरुवात एकच. वाळलेला पाला अल्कोहोलमधून किंवा दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडमधून काढतात. तो अर्क अल्कोहोलमध्ये विरघळवून शून्याखाली वीसेक अंशांवर ठेवला की मेण गोठतं, मग ते गाळून टाकतात. इथे थांबलं तर फुल स्पेक्ट्रम. पुढे क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे घटक एकेक करून वेगळे करण्याच्या पद्धतीने, टीएचसी वेगळं काढलं तर ब्रॉड स्पेक्ट्रम. आणखी शुद्ध करून स्फटिक पाडले तर आयसोलेट, म्हणजे 99 टक्क्यांच्या आसपास निव्वळ सीबीडीची पांढरी पूड. बाटलीत येते ती कुठल्यातरी तेलात विरघळवून.

फुल स्पेक्ट्रमची बाजू कमकुवत नाही, हे आधी सांगतो. झाडातले इतर घटक सोबत असले की सीबीडी कमी मात्रेत काम करतं, असं मानणारे बरेच आहेत. अपस्माराच्या रुग्णांवरच्या निरीक्षणांचा 2018 मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात अर्क घेणाऱ्यांची सरासरी मात्रा शुद्ध सीबीडीवाल्यांच्या जवळपास एक चतुर्थांश निघाली. पण ही निरीक्षणं आहेत, दोन गट समोरासमोर ठेवून केलेली चाचणी नव्हे. उलट ज्या औषधाला अमेरिकेत जून 2018 मध्ये मान्यता मिळाली, ते शुद्ध सीबीडीच आहे, आणि तेही अपस्माराच्या दुर्मीळ प्रकारांसाठी. त्याची सुरुवातच किलोमागे रोज 5 मि.ग्रॅ.ने होते, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 300 मि.ग्रॅ. आपण बाटलीतून 10-20 मि.ग्रॅ. घेतो. अपेक्षा त्या हिशेबाने ठेवलेल्या बऱ्या.

आता माझ्यापुरता निकाल आयसोलेटच्या बाजूने ज्या गोष्टीने लावला ती सांगतो: लेबलवरचा आकडा. आपल्याकडे ही तेलं आयुष परवान्यावर, विजयापत्राचा (भांगेच्या पानांचा) अर्क म्हणून विकली जातात. बाटलीवर ठळक लिहिलेलं असतं ‘विजया अर्क 3000 मि.ग्रॅ.’ हे वजन अर्काचं असतं, सीबीडीचं नाही. अर्कात 60 टक्के सीबीडी असेल तर 30 मि.लि.च्या बाटलीत 1800 मि.ग्रॅ. झालं, अर्धा मि.लि. घेतलं की 30 मि.ग्रॅ. तोच अर्क 20 टक्क्यांचा असेल तर त्याच अर्ध्या मि.लि.त 10 मि.ग्रॅ. लेबल तेच, किंमतही जवळपास तीच, आणि मात्रेत तिपटीचा फरक. त्यात विजया अर्क म्हणून टीएचसी आणि सीबीडी सारख्या प्रमाणात असलेलं तेलही मिळतं. पुढची बाटली दुसऱ्या बॅचची आली की पुन्हा पहिल्यापासून अंदाज. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मात्रेत घ्यायच्या गोष्टीत हे मला चालत नाही.

यावर उपाय लॅब रिपोर्टचा. रिपोर्टवरचा बॅच नंबर बाटलीशी जुळतो का, ते आधी बघा. मग सीबीडी आणि सीबीडीए हे दोन आकडे शोधा. सीबीडीए तापवल्यावर त्याचं सीबीडी होतं, पण वजन घटतं, म्हणून सीबीडीएला 0.877 ने गुणून ते सीबीडीच्या आकड्यात मिळवायचं. सीबीडी 40 टक्के आणि सीबीडीए 20 टक्के असेल तर एकूण साधारण 57.5 टक्के. तापवलेल्या अर्काच्या रिपोर्टमध्ये सीबीडीए जास्त दिसलं तर समजा, तापवणं अर्धवट झालंय. शिसं आणि कीटकनाशकांच्या तपासणीची पानंही जोडलेली हवीत, कारण हे झाड जमिनीतले जड धातू ओढून घेतं. रिपोर्ट मागितल्यावर दुकानदार टाळाटाळ करत असेल तर बाटली परत ठेवा.

ब्रॉड स्पेक्ट्रम हा मधला मार्ग वाटतो, पण त्याची पक्की व्याख्या कुठेच नाही. काही ठिकाणी खरंच अर्कातून टीएचसी काढलेलं असतं, काही ठिकाणी आयसोलेटमध्ये वास देणारे टर्पीन मिसळलेले असतात. ‘टीएचसी आढळलं नाही’ हे वाक्यही यंत्र किती बारीक मोजू शकतं त्यावर अवलंबून. मोजण्याची किमान मर्यादा रिपोर्टवर दिली नसेल तर त्या वाक्याला फारशी किंमत नाही.

आयसोलेटमध्ये हा घोळ उरत नाही. बाटलीवर 1000 मि.ग्रॅ. लिहिलं तर ते सीबीडीच. 30 मि.लि.त 1000, म्हणजे मि.लि.ला 33, आणि 0.3 मि.लि. घेतलं की 10 मि.ग्रॅ. ड्रॉपरचे थेंब मोजू नका, थेंब लहान-मोठे पडतात. मेडिकलमधून बिनसुईची 1 मि.लि. सिरिंज आणा. घ्यायचं ते जेवणाबरोबर, आणि रोज सारख्याच जेवणाबरोबर. उपाशीपोटी फार थोडं शोषलं जातं. भरपूर स्निग्ध जेवणासोबत ते चार-पाच पटीने वाढू शकतं. ज्वारीच्या भाकरीवर चटणी आणि करडईचं तेल असतंच, तीच वेळ धरा. एक दिवस तेल-तूप, एक दिवस कोरडं, असं केलं की मोजून घेतलेल्या मात्रेचाही उपयोग राहत नाही.

आयसोलेटची खोड हिवाळ्यात कळते. परभणीला पारा आठ-नऊ अंशांवर उतरला की जास्त तीव्रतेच्या बाटलीत तळाशी साखरेसारखे पांढरे कण दिसू लागतात. औषध खराब झालेलं नसतं, सीबीडी तेलातून बाहेर पडलेलं असतं. तसंच वापरत राहिलात तर वरचं तेल फिकं आणि शेवटचे थेंब जास्त तीव्र. बाटली दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात उभी ठेवा आणि कण पूर्ण विरेपर्यंत उलटसुलट करा. आधार म्हणून एमसीटी तेल (खोबरेलातून वेगळं काढलेलं, थंडीत न थिजणारं तेल) असलेली बाटली घ्या. साधं खोबरेल आपल्या थंडीत बाटलीतच थिजतं. उन्हाळ्यात उलटं: बेचाळीस अंशांत गाडीच्या डिकीत ठेवलेलं कुठलंही तेल बिघडतं. काळ्या काचेची बाटली, घट्ट झाकण, घरातला थंड कोपरा.

भरतीची तयारी करणारी मुलं, कुस्ती-कबड्डीचे खेळाडू आणि ज्यांच्या नोकरीत लघवीची तपासणी होते अशांनी मात्र फुल स्पेक्ट्रमच्या वाटेला जाऊच नये. खेळातल्या उत्तेजकांवर लक्ष ठेवणाऱ्या वाडा या जागतिक संस्थेने सीबीडी 2018 पासून बंदीच्या यादीतून काढलं, पण स्पर्धेच्या काळात टीएचसीवर बंदी कायम आहे. तेलात टीएचसी 0.3 टक्के म्हणजे नगण्य वाटतं. हिशेब केला तर मि.लि.ला 2.8 मि.ग्रॅ.च्या आसपास होतं, आणि नवख्या माणसाला तेवढं जाणवू शकतं.

रक्त पातळ करणारं वॉर्फरिन, किंवा फिट्सचं क्लोबाझम, व्हॅल्प्रोएट चालू असेल तर तिन्हींपैकी काहीही घेण्याआधी त्या डॉक्टरांना सांगा. यकृत ज्या एन्झाइमनी औषधं पचवतं त्यांत सीबीडी अडथळा आणतं, आणि व्हॅल्प्रोएटसोबत यकृताचे एन्झाइम रक्तात वाढू शकतात, म्हणजे यकृतावर ताण येतो. यात आयसोलेटलाही सूट नाही.

एवढं असूनही फुल स्पेक्ट्रम घेणाऱ्याला मी अडवणार नाही. आयसोलेट नीट मोजून महिना-दीड महिना घेऊनही फरक पडला नाही आणि तपासणीची भीती नाही, तर ते करून बघणं रास्त आहे. तुमचा अनुभव माझ्यापेक्षा वेगळा असू शकतो. सीबीडी आणि टीएचसीचे मि.ग्रॅ. वेगवेगळे छापलेली बाटलीच घ्या, आयुषचा परवाना क्रमांक बघा, वैद्यांची चिठ्ठी आणि पक्कं बिल सोबत ठेवा. पहिले काही दिवस अगदी थोडं, रात्रीच्या जेवणाबरोबर घ्या, आणि त्या रात्री गाडीला हात लावू नका.