कंत्राटी कामं बायोडेटात: सुटी सुटी की एकाच मथळ्याखाली?

तीन वर्षांत चार ठिकाणी कंत्राटी काम केलं असेल, तर कायम नोकरीच्या अर्जात ते मांडायचे दोन मार्ग आहेत.

पहिला, प्रत्येक ठिकाणाची वेगळी नोंद. एखादं काम ११ महिन्यांचं आणि नव्या पदाशी थेट जुळणारं असेल तर हे बरं. पण तीन-चार महिन्यांच्या तारखा एकाखाली एक आल्या की वाचणारा ‘टिकत नाही’ असा शिक्का मारून मोकळा होतो.

दुसरा, एकच मथळा: एजन्सीचं (कंपन्यांना कंत्राटी माणसं पुरवणाऱ्या संस्थेचं) नाव, पद, ‘कंत्राटी’ हा शब्द आणि एकूण काळ. खाली प्रत्येक ठिकाणासाठी एक ओळ: ‘चाकण, वाहनांचे सुटे भाग, गुणवत्ता तपासणी, ५ महिने’. सगळी कामं एकाच एजन्सीमार्फत झाली असतील तर हाच मार्ग घ्यावा. एजन्सी दोन असतील तर मथळेही दोनच.

बहुतेकांची चूक वेगळीच असते. जिथे राबलो त्या मोठ्या कंपनीचं नाव ते मालक म्हणून टाकतात. पगारचिठ्ठी, फॉर्म १६ आणि पीएफची नोंद मात्र एजन्सीच्या नावावर असते. पडताळणीत यूएएनचा (पीएफ सदस्याच्या कायम क्रमांकाचा) सेवा-इतिहास उघडला की तफावत दिसते, आणि खरा अनुभवही खोटा ठरतो. म्हणून ‘अमुक एजन्सीमार्फत, तमुक कंपनीत’ असंच लिहा.

तारखाही पीएफशी जुळवून घ्या. सोडल्याची तारीख एजन्सीने भरली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती पीएफच्या पोर्टलवर स्वतः भरता येते.