बादली उत्तम, नळ भिकार: बोकाशी डब्याचा वापरानंतरचा अनुभव

घरातला ओला कचरा आंबवून जिरवायला घेतलेल्या बोकाशी डब्याचा नळ गेल्या आठवड्यात हातात आला. झाकण, जाळी, बादली, सगळं ठणठणीत, फक्त नळाचा आटा तुटला. कंपनीला फोन केला तर उत्तर मिळालं, "मॅडम, नळ वेगळा मिळत नाही, पूर्ण बादली घ्यावी लागेल." घरातला कचरा कमी करायला घेतलेली वस्तू एका बोटभर नळासाठी प्लास्टिकच्या कचऱ्यात टाकायची? मी तीन वेगवेगळ्या माणसांशी बोलले आणि तिघांनी तेच वाक्य ऐकवलं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

दोन डबे, जाळी आणि जिवाणू मिसळलेल्या कोंड्याचं पाकीट असा संच असतो, हे घेणाऱ्यांना ठाऊक असेलच. कचऱ्याचा थर द्यायचा, मूठभर कोंडा भुरभुरायचा, दाबून हवा काढायची, झाकण घट्ट लावायचं. डबा भरला की दोन आठवडे बंद. खालच्या नळातून दर दोन-तीन दिवसांनी कचऱ्याचं सुटलेलं पाणी काढायचं. यात कुजवणं नाही, आंबवणं आहे. जपानमध्ये तेरुओ हिगा यांनी १९८०च्या दशकात पुढे आणलेल्या जिवाणूंच्या मिश्रणावर ही पद्धत उभी आहे.

मी राहते कन्नमवार नगरात, विक्रोळी पूर्वेला. मुंबईचा बहुतांश कचरा आता कांजूरमार्गला जातो, आणि वारा फिरला की तो वास आमच्या स्वयंपाकघरात येतो. देवनारचं डम्पिंग १९२७पासूनचं, मुलुंडचं २०१८मध्ये बंद झालं, मग कांजूरवरचा भार वाढला. ओला कचरा दाबून टाकला की आत हवा पोचत नाही आणि मिथेन तयार होतो. २०१६च्या जानेवारीत देवनार पेटलं तेव्हा धुराने अख्खी पूर्व उपनगरं खोकत होती. पालिकेने २०१७मध्ये मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं. आमची इमारत लहान, त्या नियमात बसत नाही. पण वास आम्हालाच येतो, म्हणून निदान माझ्या घरचा ओला कचरा तिकडे जाऊ नये, एवढ्यासाठी हा डबा घेतला.

आता खरी गोष्ट. नळ तळापासून बोटभर वर बसवलाय. म्हणजे कितीही काढा, बोटभर पाणी आत राहतंच. बंद डब्यात तेच साचून सडायला लागतं, आणि आंबूस वासाचा उग्र वास होतो. चांगल्या डब्याला लोणच्यासारखा वास येतो, तो आम्हाला चालतो. हा मात्र दार उघडताच कळायचा. त्यात आतल्या बाजूचं तोंड इतकं अरुंद की भाताचं एक शीत किंवा बोंबलाचा काटा अडकला की थेंब येत नाही. जाळी आहे, पण तिच्या कडेने बारीक कचरा खाली उतरतोच. पहिले काही महिने मी म्हणायचे की ही पद्धतच आपल्या दमट हवेला झेपणारी नाही.

पावसाळ्यात ते मत बदललं. वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे कचऱ्याचं खत करायचा मातीच्या मडक्यांचा संच आहे. तो उत्तम चालतो, पण जुलै-ऑगस्टात त्यात अळ्या आणि चिलटं झाली, कचऱ्यावर घालायला वाळका पाला मिळेना. माझा डबा बंद, त्यामुळे चिलटांना वावच नाही. आणि त्याच दिवसांत मला या डब्याचं खरं मोल कळलं: यात मासळीचा कचरा जातो. कोलंबीची सालं, बांगड्याची डोकी, उरलेलं कालवण. उन्हाळ्यात कोलंबी आणली की सालं दुसऱ्या दिवशीची गाडी येईपर्यंत कुठे ठेवायची, हा प्रश्न प्रत्येक मासेखाऊ घराला असतो. आता सालं पाच मिनिटांत कोंड्याखाली जातात. सासूबाई आधी झाकण उघडायलाही तयार नव्हत्या, त्या आता स्वतः कोंडा टाकतात. निर्माल्य मात्र त्यात नाही. मासळीसोबत देवाची फुलं घालायची नाहीत हे त्यांचं म्हणणं मला पटलं. ती वेगळ्या कुंडीत जातात.

एक गोष्ट विक्रेते नीट सांगत नाहीत. दोन आठवड्यांनी खत मिळत नाही, आंबलेला कचरा मिळतो. तो आंबट असतो, थेट मुळांना लावू नका. एका जुन्या क्रेटमध्ये दुप्पट मातीत मिसळून ठेवा, तीन-चार आठवड्यांत माती काळी भुसभुशीत होते. डब्याच्या नळातून निघालेलं पाणीही शंभरपट साध्या पाण्यात मिसळूनच झाडांना. पांढरी बुरशी दिसली तर उत्तम, हिरवी-काळी दिसली तर हवा आत जातेय. करवंट्या आणि आंब्याच्या कोयी टाकू नका, त्या तशाच राहतात.

कोंड्याचं पाकीट दर वेळी विकत घ्यायची गरज नाही. तांदळाचं धुवण आंबवून त्यात दूध घाला, वर दह्यासारखा थर येतो तो काढा, खालच्या पाण्यात गूळ विरघळवून गिरणीतल्या गव्हाच्या कोंड्यात कालवा, हवाबंद ठेवून दोन आठवड्यांनी वाळवा. माझा तो कोंडा पाकिटाइतकाच चालतो.

आणि नळ. मशीद बंदरला नागदेवी स्ट्रीटवर गेले, तुटका नळ दाखवला. दुकानदाराने एक नजर टाकली, "ताई, अर्धा इंची आहे," म्हणाला आणि चेकनट (नळ मागून आवळायची चकती), दोन रबरी वॉशरसकट नवा नळ दिला. वडापाव-चहाच्या पैशांत काम झालं. जे दुकानदाराला एका नजरेत दिसतं ते विकणाऱ्या कंपनीला दिसत नसेल, यावर माझा विश्वास नाही. बाजारात सर्रास मिळणारा सुटा भाग ग्राहकाला न देता अख्खी बादली गळ्यात मारणं हा सरळ अन्याय आहे, आणि तो कचरा कमी करण्याच्या नावाखाली चाललाय याचा मला जास्त राग आहे.

नव्या नळाच्या आतल्या तोंडावर कांद्याच्या जाळीदार पिशवीचा दुहेरी तुकडा दोऱ्याने बांधलाय. बादलीच्या मागच्या बाजूला लाकडी पाचर सरकवली, त्यामुळे ती पुढे झुकते आणि शेवटचं पाणीही उतरतं. तेव्हापासून वास नाही.

दुसरा संच घेणार असाल तर थांबा. भिंतीच्या रंगाच्या दोन रिकाम्या, घट्ट झाकणाच्या बादल्या घ्या, वरचीच्या बुडाला भोकं पाडून ती खालचीत बसवा. खालचीला अगदी तळाशी २१ मिलिमीटरचं भोक पाडा, अर्धा इंची नळ त्यात बरोबर बसतो. वॉशर आत एक, बाहेर एक. चेकनट हाताने आवळून मग पान्याने पाव फेराच द्या, जास्त दिला तर प्लास्टिक तडकतं.