काळीतल्या दगडी घराची दुरुस्ती : दोन उन्हाळे आणि दोन पावसाळ्यांनंतर

आमच्या घराच्या वायव्य कोपऱ्याचं काम फेब्रुवारी २०२४ मध्ये संपलं. तेव्हाच अनुभव लिहा म्हणून दोघातिघांनी सांगितलं होतं, पण मी थांबले. काळ्या जमिनीत केलेलं काम हिवाळ्यात नेहमीच छान दिसतं. खरं काय ते मे महिन्यात आणि नंतर भाद्रपदात कळतं. आता दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे गेले आहेत, म्हणून लिहिते.

घर परभणी जिल्ह्यात आहे. सासऱ्यांनी १९८६ साली बांधलं. भावांच्या वाटण्या झाल्यावर गावठाणातला वाडा थोरल्याकडे राहिला आणि हे रस्त्याकडेच्या आपल्या शेतात आले. जुने लोक काळी आणि पांढरी असे दोन शब्द वापरत : काळी पिकवायची आणि पांढरीवर राहायचं. गावं पांढरीवर का वसली, हे मला या घराने शिकवलं. आता तालुक्याच्या गावांभोवती सगळे प्लॉट काळीतच पडतात, त्यामुळे हा प्रश्न आमच्या एकट्याचा नाही.

भिंती काळ्या पाषाणाच्या, खांडकीच्या (म्हणजे घडवलेल्या दगडांच्या), दीड फूट जाडीच्या. पाया चार फूट खोल. वर स्लॅब. जोत्याला आरसीसीचा, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटचा, पट्टा नाही. दगड असा की त्यावर छिन्नी उडते. तरीही २०११ पासून भिंतीत भेगा होत्या आणि दरवर्षी त्या वाढत होत्या.

कारण दगडात नव्हतंच. बेसाल्ट, म्हणजे हाच काळा पाषाण, कुजून झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, पाणी गेलं की आकसते. शेतात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची ढेकळं त्यात पडतात आणि पाऊस आला की त्या मिटतात. शेतकऱ्याला ही फुकटची मशागत. घराखाली मात्र हीच हालचाल कमीजास्त होते. घराच्या मधोमध खालची माती बाराही महिने दमट राहते, कडेची माती वाळते आणि भिजते. म्हणून कोपरे उन्हाळ्यात खाली बसतात आणि पावसाळ्यात वर येतात. हलकं, एकमजली घर तर माती सहज उचलते.

आमच्या घरात दोन वेगळे आजार होते आणि हे समजायला आम्हाला बरीच वर्षं लागली. वायव्य कोपऱ्याची भेग वर रुंद आणि खाली बारीक होती, मे महिन्यात सर्वांत मोठी. म्हणजे कोपरा खाली बसत होता. तिथून चौदा फुटांवर सासऱ्यांनी लावलेला कडुनिंब आहे, तो उन्हाळ्यात मातीतलं उरलंसुरलं पाणी ओढतो. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीची भेग नेमकी उलटी, खाली रुंद आणि वर जाताना मिटत गेलेली. त्या भिंतीशी मोरीचं पाणी मुरत होतं, माती कायम फुगलेली होती आणि भिंत खालून उचलली जात होती. भेगेचं तोंड कुठे आहे हे आधी बघा. एवढं एकच कुणी २०१९ मध्ये सांगितलं असतं तर आमचे पैसे वाचले असते.

२०१९ मध्ये एका ठेकेदाराने दोन्ही भेगांना एकच औषध दिलं. पायाला लागून चारही बाजूंनी दोन फूट रुंद, तीन फूट खोल चर खणला आणि वाळूने भरला. "मातीचा फुगवटा वाळू खाऊन टाकते," असं त्याचं म्हणणं. वर दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटने भरल्या. पुढच्या पावसात तो चर घराभोवतीची परात झाला. चिकणमातीत वाळूचा खड्डा म्हणजे पाणी साठवायचं भांडंच, बाहेर जायला वाट दिली नाही तर पाणी पायाशीच राहतं. सिमेंटच्या दरजांचं काय झालं? काळा दगड फुटला नाही, पण सिमेंटची अख्खी पट्टी दगडापासून सुटली आणि तिच्यामागून पाणी आत जाऊ लागलं. त्याच्या पुढच्या मे महिन्यात कोपऱ्याची भेग ११ मिलिमीटर झाली. सासूबाई त्या खोलीत झोपायच्या. त्यांनी खाट हलवली, काही बोलल्या नाहीत. मला त्याचं फार वाईट वाटलं.

दुसऱ्या वेळी घाई केली नाही. सिंचन खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंता काका ओळखीचे निघाले. कालव्यांच्या अस्तराखाली काळी माती फुगते तेव्हा काय करायचं, यातच त्यांची सगळी नोकरी झाली होती. त्यांनी पहिलं काम मलाच दिलं : भेगेच्या दोन्ही बाजूंना स्टीलचे खिळे बसवायचे आणि दर महिन्याच्या एक तारखेला व्हर्नियरने (बारीक अंतर मोजायच्या साधनाने) अंतर मोजायचं. वर्षभर. शिवाय भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चिकटवली. भिंत हलली की ती तडकते. भेग जुनी आणि शांत आहे की अजून चालू आहे, हे काच सांगते. आमची पहिली काच तीन आठवड्यांत तडकली.

मातीची चाचणीही त्यांनीच सुचवली. वाळवून चाळलेली माती दहा-दहा ग्रॅम, एक भाग पाण्यात आणि एक रॉकेलमध्ये, चोवीस तास. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते, दोन्हींतल्या फरकावरून टक्केवारी काढतात. पन्नासच्या वर गेलं की फुगवटा अतिशय जास्त मानतात. आमची ८० आली. प्रयोगशाळेतल्या मुलाने नळी समोर धरली तेव्हा मला शेतातल्या भेगांचा अर्थ पहिल्यांदा डोळ्यांनी दिसला.

मग काम ठरलं. आधी पाणी, मग जमीन, शेवटी दगड.

मोरीचं आणि छताचं सगळं पाणी पाइपने घरापासून चाळीस फूट लांब, उताराच्या बाजूला नेलं. वाळूचा चर उपसला. त्यात आणि भिंतीबाहेरच्या पाच फूट पट्ट्यात चिकट मुरूम थराथराने, पाणी मारून, धुमसून भरला. मुरूम भुसभुशीत असून चालत नाही. काका म्हणाले, न फुगणारा पण चिकट हवा, म्हणजे तो पाणीही अडवतो आणि खालच्या मातीवर दाबूनही बसतो. मुंबईच्या आयआयटीतल्या प्राध्यापक कट्टींनी अशा थराचा अभ्यास केला आणि कालव्यांच्या कामात तो वापरात आला, हे ते फार अभिमानाने सांगत. मुरमावर जाड प्लास्टिकचा कागद, वर शहाबादी फरशी, बाहेरच्या बाजूला उतार. फरशी भिंतीला जोडायची नाही, मध्ये बोटभर फट ठेवून डांबराने भरायची.

कडुनिंब तोडायचा का, यावर घरात आठवडाभर बोलणं चाललं. काकांनीच नको म्हटलं. मोठं झाड एकदम काढलं की त्याने ओढायचं पाणी मातीतच राहतं आणि ती उलट फुगायला लागते. तिसरा हिस्सा फांद्या उतरवल्या आणि भिंत व झाड यांच्यामध्ये सहा फूट खोल चर काढून त्यात जाड प्लास्टिक उभं केलं, मुळांना आडोसा म्हणून.

कोपऱ्याखाली मुरूम नऊ फुटांवर लागला. तिथपर्यंत काँक्रीटचे तीन पाय उतरवले, तीन-तीन फूट रुंदीचे, एक सोडून एक. एक खणायचा, भरायचा, आठवडाभर थांबायचं, मगच पुढचा. काँक्रीट आणि जुना पाया यांच्यात दोन-तीन इंच जागा ठेवून शेवटी कोरडसर माल ठासला, नाहीतर काँक्रीट आकसून फट राहते. हे काम डिसेंबर-जानेवारीतच. भिजल्या काळीत नऊ फूट खड्डा म्हणजे जीवाशी खेळ. आम्ही फळ्यांचे आधार लावले आणि कुणालाही एकट्याला खाली उतरू दिलं नाही.

खरा धक्का भिंत उघडल्यावर बसला. दीड फूट जाड दिसणारी भिंत म्हणजे बाहेरून एक आणि आतून एक अशा दोन पातळ भिंती होत्या, मध्ये कपच्या आणि माती. दोघींना बांधणारा आरपार दगड कोपऱ्याच्या आख्ख्या उंचीत एकही नव्हता. सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात अशाच भिंती दोन्ही बाजूंना उकलून पडल्या होत्या. आमचे गवंडी मामा, वय पासष्ट, भिंतीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, "ताई, ही भिंत उभी कशी राहिली तेच नवल." मग कोपरा उतरवून पुन्हा रचला. उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत दर चार फुटांवर आरपार दगड. जिथे एवढा लांब दगड मिळाला नाही तिथे आकडा केलेली सळई घालून काँक्रीटचा ठोकळा.

चुना हा मामांचाच आग्रह. कळीचा चुना हौदात तीन आठवडे भिजवला, चाळला. एक भाग चुना, एक भाग वीटभट्टीची सुरखी (विटांची पूड), दोन भाग वाळू. सिमेंट अजिबात नाही. जुन्या दरजा इंचभर खोल खरवडून भरल्या आणि पंधरा दिवस ओली तरटं लटकवली. चुना सावकाश घट्ट होतो, गवंड्याला आणि मालकाला धीर लागतो. मे महिन्यात हे काम करूच नका, माल वाळून पीठ होतो.

आता वीस महिन्यांच्या नोंदी.

दुरुस्तीआधीच्या वर्षी कोपऱ्याची भेग मे आणि सप्टेंबर यांच्यात ६ मिलिमीटर उघडझाप करत होती. २०२४ च्या मे महिन्यात नव्या दरजेत केसासारखी रेघ आली, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी. मी घाबरले. त्याच सप्टेंबरच्या सुरुवातीला मराठवाड्यात धो-धो पाऊस झाला, आमच्या ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलं, आणि मी रात्री दोनदा टॉर्च घेऊन कोपरा बघून आले. पाणी फरशीवरून बाहेर पडत होतं, पायाशी थांबत नव्हतं. दिवाळीत ती रेघ पांढरी होऊन बुजलेली दिसली. चुना पाण्यात थोडा विरघळतो आणि फटीत पुन्हा जमतो. मामांनी हे आधी सांगितलं होतं, पण पाहिल्याशिवाय पटलं नव्हतं. यंदाच्या मे महिन्यात रेघ परत आली नाही.

सगळंच सुरळीत झालं नाही. कोपरा मुरमावर पक्का झाला, पण बाकी घर अजून काळीवरच आहे, त्यामुळे कोपऱ्यापासून बारा फुटांवर भिंतीत एक नवी बारीक भेग आली आहे. काकांनी हा धोका काम सुरू होण्याआधीच बोलून दाखवला होता. घराचा एकच भाग खोल नेला की हालचाल दुसरीकडे सरकते. ती दीड मिलिमीटरवर आहे, गेल्या आठ महिन्यांत वाढलेली नाही. ज्यांना परवडेल त्यांनी नवं घर बांधतानाच खाली फुगीर पाय असलेले पाइल्स, म्हणजे जमिनीत खोल उतरवायचे काँक्रीटचे खांब, घ्यावेत. ते रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने याच मातीसाठी विकसित केले, खोल काळीत साडेतीन मीटर तरी उतरवतात. जुन्या घराखाली ते घालणं आमच्या आवाक्याबाहेर होतं.

फरशी आणि भिंतीमधली डांबराची फट पहिल्याच उन्हाळ्यात उघडली. दरवर्षी मृगाच्या आधी ती भरावी लागते, दोन तासांचं काम. ते चुकवलं तर बाकी सगळा खर्च वाया. पुढचा दरवाजा श्रावणात अजूनही थोडा अडकतो. चुन्याच्या दरजांवर पहिल्या पावसात पांढरे ओघळ आले, ते आता फिके झालेत.

पुतण्या डॅलसला असतो. तिथेही अशीच काळी माती, आणि लोक उन्हाळ्यात घराभोवती पाण्याची नळी सोडून माती ओली ठेवतात म्हणे. आमच्याकडे मे महिन्यात प्यायला टँकर येतो. म्हणून आहे तो ओलावा झाकून ठेवणं हाच आमचा मार्ग, आणि ते काम फरशीखालचं प्लास्टिक करतं.

खर्च सगळा मिळून दोन लाख साठ हजार. त्यातला निम्म्याहून जास्त त्या तीन पायांचा आणि कोपरा पुन्हा रचण्याचा. पाण्याची व्यवस्था आणि फरशी यांना सत्तर हजार. पैसे मोजके असतील तर मी हे सत्तर हजारच आधी खर्च करीन आणि एक वर्ष भेग मोजीन. स्वयंपाकघराच्या भिंतीला या वेळी आम्ही हातही लावला नव्हता, फक्त मोरीचं पाणी हलवलं. तिची खालची भेग वीस महिन्यांत ७ मिलिमीटरवरून ३ वर आली आहे, अजून मिटतेच आहे.

ती स्थिरावली की दरजा भरायच्या. मामा जानेवारीत येतो म्हणालेत, चुना डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भिजवायचा आहे. सासूबाईंची खाट गेल्या पाडव्याला पुन्हा त्या कोपऱ्यात गेली.