हॅवलॉकचं पॅकेज घेताय? आधी सूर्यास्ताची वेळ बघा

डिसेंबरात आम्ही चौघं अंदमानला जाऊन आलो, पॅकेज पुण्यातल्या एका एजंटकडून घेतलेलं, नाव नाही लिहीत. हॅवलॉक, म्हणजे २०१८ पासून स्वराज द्वीप, पण तिकडे अजून सगळे हॅवलॉकच म्हणतात. बेट एक नंबर, प्लॅनिंग मात्र पार गंडलेलं!

राधानगर बीच ठेवला होता संध्याकाळी साडेपाचला. अहो, तिथे डिसेंबरात पाचच्या आसपास सूर्य बुडतो, घड्याळ आपलंच पण बेट किती पूर्वेला! पोचलो तर अंधार पडत आलेला, लोक टॉवेल झटकून परत निघालेले आणि आमची आई हातात कोरडी चप्पल घेऊन उभी. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच रिक्षा करून गेलो, पांढरी मऊ वाळू, मागे उंच झाडं, पैसे तिथे वसूल झाले.

हॉटेल म्हणे 'सी टच', विजयनगरला. भरतीला खरंच दारात पाणी, पण ओहोटी लागली की लांबपर्यंत नुसते खडक नि चिखल, पोहायचं विसरा. बुक करताना हे कोणी सांगत नाही. हां, जेवण मस्त, माशाची बंगाली करी मी तीनदा मागवली.

फेरी वेळेवर होती. पण परतीची फेरी आणि विमान एकाच दिवशी ठेवू नका, हवा बिघडली की बोटी रद्द होतात. रोख पैसे जवळ ठेवा, नेटवर्क रुसतं. बेटाला पाच स्टार, एजंटला दीड, तोही फेरीची तिकिटं नीट काढली म्हणून.