दहा वर्षांच्या सरासरी कमाईवर शेअरचं मोल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीतल्या आमच्या अभ्यासगटाने गेले आठ महिने शेअरचं मूल्यांकन एकाच पद्धतीने केलं. गेल्या दहा वर्षांची प्रतिशेअर कमाई आजच्या रुपयांत आणायची, तिची सरासरी काढायची आणि आजच्या भावाला त्या सरासरीने भागायचं. बाजारात याला शिलर पीई किंवा केप म्हणतात. आधी मत सांगतो. ज्या धंद्यात तेजी-मंदी पाळीपाळीने येते, तिथे ही पद्धत साध्या पीईपेक्षा (भावाला शेवटच्या एका वर्षाच्या कमाईने भागून येणाऱ्या आकड्यापेक्षा) कितीतरी भरवशाची आहे. सतत वाढणाऱ्या कंपनीवर मात्र ती अन्याय करते. सरासरी काढायला पाच मिनिटं लागतात, पण त्याआधी दहा आकडे स्वच्छ करायला एकेका कंपनीमागे दोन संध्याकाळी जातात, आणि निकालाचा भरवसा त्या दोन संध्याकाळींवरच असतो.

कल्पना जुनी आहे. एका वर्षाच्या नफ्यावर विसंबू नका, किमान पाच आणि शक्यतो सात किंवा दहा वर्षांची सरासरी पाहा, असं बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड यांनी १९३४ मध्येच लिहिलं होतं. महागाईची जोड देऊन जॉन कॅम्पबेल आणि रॉबर्ट शिलर यांनी १९८८ मध्ये ती वापरली, पण अख्ख्या अमेरिकन बाजारासाठी. हा फरक वापरताना पदोपदी जाणवतो. निर्देशांकात पाचशे कंपन्यांचे बरेवाईट हिशेब एकमेकांत जिरतात. एका कंपनीत एक चुकीचं वर्ष म्हणजे सरासरीचा सरळ दहावा हिस्सा.

पहिला प्रश्न महागाईच्या आकड्याचा. आम्ही ग्राहक किंमत निर्देशांक घेतो, ग्रामीण-शहरी एकत्रित, २०१२ = १०० पायाचा, आणि आर्थिक वर्षाची बारा महिन्यांची सरासरी धरतो. २०१५-१६ ची सरासरी सुमारे १२४.७ आणि २०२४-२५ ची सुमारे १९२.६. म्हणजे २०१५-१६ च्या एका रुपयाच्या कमाईला १.५४ ने गुणायचं. पुढच्या वर्षांचे गुणक क्रमाने १.४८, १.४३, १.३८, १.३२, १.२४, १.१८, १.१०, १.०५ आणि शेवटी १.

इथे अनेकजण एक चूक करतात आणि ती सहज लक्षात येत नाही. आयकराचा खर्च महागाई निर्देशांक वर्षाला एकच आकडा, तयार मिळतो, म्हणून तोच लावतात. पण त्याच्या व्याख्येतच महागाईवाढीचा ७५ टक्केच भाग धरलेला आहे. २०१५-१६ ला तो २५४ होता, २०२४-२५ ला ३६३, म्हणजे गुणक १.४३. जुनी कमाई त्यामुळे कमी फुगते, सरासरी खाली येते आणि शेअर आहे त्याहून महाग दिसतो. तो आकडा भांडवली नफ्याच्या करासाठी आहे, तिथेच राहू द्यावा. औद्योगिक कामगारांचा निर्देशांक वापरणाऱ्यांनी सप्टेंबर २०२० मधला पायाबदल विसरू नये: २००१ चा पाया जाऊन २०१६ चा आला, आणि नवी मालिका जुनीशी जोडणारा गुणक २.८८ लावला नाही तर मधेच महागाई कोसळल्यासारखी दिसते.

आता एक नमुना, आकडे समजावण्यापुरते. ओतकाम करणाऱ्या एका काल्पनिक कंपनीची दहा वर्षांची प्रतिशेअर कमाई रुपयांत अशी: १०, १४, ५, ८, ११, ९, २०, २६, ३०, ३४. भाव ४०८ रुपये. शेवटच्या वर्षावर पीई १२ येतो आणि शेअर स्वस्त वाटतो. नुसती सरासरी १६.७० रुपये, तिच्यावर पीई २४.४. गुणक लावल्यावर सरासरी १९.७७ आणि केप २०.६. तिन्ही उत्तरांत शेवटचं सगळ्यात खरं, कारण महागाई न धरता काढलेली सरासरी जुन्या वर्षांना विनाकारण गरीब करते. १२ आणि २०.६ मधलं अंतरच आमच्या दृष्टीने खरी माहिती आहे. आजच्या कमाईत सुगीचा वाटा किती, ते या अंतरावरून कळतं. मार्केट यार्डात हळदीच्या तेजीच्या एका वर्षाची पट्टी दाखवून कुणी रानाचा भाव मागितला, तर घेणारा आधीच्या वर्षांच्या पट्ट्या मागतोच. इथेही तसंच.

आकडे स्वच्छ करण्याचं काम बोनस (फुकट मिळालेले जादा शेअर) आणि स्प्लिट (एका शेअरचे लहान तुकडे) यांपासून सुरू करावं. १:१ बोनस झाला असेल तर आधीच्या सगळ्या वर्षांची कमाई निम्मी करायची; दर्शनी मूल्य १० चं २ झालं असेल तर पाचाने भागायची. संकेतस्थळांवरचे आकडे बहुधा आधीच जुळवलेले असतात, जुन्या वार्षिक अहवालातले नसतात. दोन्हीकडून थोडेथोडे आकडे घेतले की तक्ता बिघडलाच. आकडे नेहमी एकत्रित, म्हणजे उपकंपन्या धरून केलेल्या, हिशेबाचे घ्यावेत, कारण उपकंपनीतला तोटा एकट्या कंपनीच्या हिशेबात दिसत नाही.

मग हिशेबाचे नियम. मोठ्या कंपन्यांना इंड-एएस, म्हणजे हिशेब मांडण्याचे नवे भारतीय नियम, १ एप्रिल २०१६ पासून लागू झाले, उरलेल्या सूचिबद्ध कंपन्यांना १ एप्रिल २०१७ पासून (बँका, विमा कंपन्या आणि बिगर-बँक वित्तसंस्था वगळून). त्यामुळे पहिल्या गटासाठी २०१५-१६ चा आकडा त्या वर्षीच्या अहवालातून न घेता २०१६-१७ च्या अहवालातल्या मागच्या वर्षाच्या रकान्यातून घ्यावा. तिथे तो नव्या नियमांनी पुन्हा मांडलेला असतो.

कराचा बदल याहून मोठा. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनीकराचा नवा पर्याय आला आणि पूर्ण दराने कर भरणाऱ्या मोठ्या कंपनीचा भार ३४.९४ टक्क्यांवरून २५.१७ टक्क्यांवर आला. करपूर्व नफा तितकाच राहिला तरी हातात उरणारा नफा १५ टक्क्यांनी वाढला. ही वाढ टिकणारी आहे, म्हणून आधीच्या वर्षांची कमाई १.१५ ने गुणणं आम्हाला योग्य वाटतं. पण सरसकट नाही. ज्या कंपनीला सवलतींमुळे आधीही २२-२४ टक्केच कर पडत होता, तिला हा गुणक लावला तर खोटी श्रीमंती येते. वार्षिक अहवालातल्या कराच्या टिपेत प्रत्यक्ष दर दिलेला असतो, तो पाहूनच ठरवावं. २०१९-२० मध्ये अनेक कंपन्यांनी स्थगित कराची (हिशेबात धरलेल्या, पण पुढे भरायच्या किंवा वळत्या व्हायच्या कराची) फेरमांडणी केली, तो एकवेळचा फायदा-तोटा वेगळा काढावा.

अपवादात्मक बाबींवर गटात सर्वांत जास्त वाद झाले. जमीन विकून आलेला नफा काढून टाकावा, यावर दुमत नाही. तोट्याचं तसं नाही. कंपनी दर तीन-चार वर्षांनी ‘अपवादात्मक’ म्हणून काहीतरी निर्लेखित करत (बुडीत धरून हिशेबातून काढत) असेल तर तो तिच्या धंद्याचा नेहमीचा खर्च आहे, तो सरासरीत राहिलाच पाहिजे. नफ्याचे अपवाद काढायचे आणि तोट्याचेही काढायचे, असा वरवर समतोल नियम लावला की सरासरी हमखास फुगते. तोट्याचं वर्ष तर कधीच वगळू नये. उणे आकडा उणेच जोडायचा. दहा वर्षांची सरासरी शून्याजवळ आली तर गुणोत्तर निरर्थक होतं आणि तिथे थांबायचं.

आपल्या भागात साखरेचा विषय टाळता येत नाही. सहकारी कारखाने शेअर बाजारात नाहीत, पण खासगी कंपन्या आहेत, आणि त्यांच्यावर ही पद्धत लावताना दोन ठिकाणी अडतं. महागाईने जुनी कमाई वाढवताना आपण गृहीत धरतो की मालाचा दरही महागाईबरोबर चढला. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ रुपये किलो ठरला, आणि २०२४-२५ च्या हंगामातही तो तेवढाच होता. त्याच काळात उसाची एफआरपी (कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा सरकारने ठरवलेला किमान दर) क्विंटलला २७५ वरून ३४० रुपये झाली, तीही आधीच्या १० टक्क्यांऐवजी १०.२५ टक्के उताऱ्यावर. अशा धंद्यात २०१५-१६ चा नफा १.५४ ने गुणून आजचा म्हणणं धाडसाचं आहे. दुसरं म्हणजे २०१८ नंतर इथेनॉलमुळे धंदाच बदलला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर मर्यादा आल्यावर सरकारी निर्णयाची जोखीमही उघड झाली. दहा वर्षांत दोन वेगळे धंदे मिसळले आहेत. साखर कंपन्यांसाठी आम्ही केपचा आकडा काढतो, पण त्यावर निर्णय घेत नाही.

वाढणाऱ्या कंपनीचं गणित सरळ आहे. महागाई वजा जाता कमाई दरसाल १० टक्के वाढत असेल तर दहा वर्षांची सरासरी शेवटच्या वर्षाच्या सुमारे ६८ टक्केच भरते. २० चा पीई आपोआप २९.६ चा केप होतो. वाढ ३ टक्के असेल तर तोच २२.८. म्हणजे धंदा फुगलेला नसतानाही निव्वळ वाढीमुळे शेअर महाग ठरतो. कंपनीने नफा वाटून न टाकता धंद्यात गुंतवला असेल तर जुन्या, लहान भांडवलावरची कमाई आजच्या मोठ्या कंपनीला लावण्यात अर्थ नाही. यावर उपाय आम्हाला पटला तो असा: दहा वर्षांचा भागधारकांच्या भांडवलावरील परतावा काढून त्याची सरासरी आजच्या प्रतिशेअर पुस्तकी मूल्याला (मालमत्तेतून देणी वजा जाता एका शेअरमागे उरणाऱ्या रकमेला) लावायची. परतावा सरासरी १२ टक्के आणि पुस्तकी मूल्य २०० रुपये, तर सर्वसाधारण कमाई २४ रुपये. तेजी-मंदी परताव्याच्या सरासरीत जिरते आणि वाढीची शिक्षाही होत नाही. गेल्या तीन महिन्यांपासून दोन्ही आकडे शेजारी लिहितो. जवळपास आले तर भरवसा वाढतो, खूप फरक पडला तर कारण सापडेपर्यंत पुढे जात नाही.

दहा वर्षांची खिडकी दरवर्षी एका वर्षाने पुढे सरकते, त्याचा परिणाम सुरुवातीला फसवतो. एखादं भयंकर वर्ष दहा वर्षांच्या बाहेर गेलं की धंद्यात काहीही न बदलता केप खाली येतो. रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये बँकांच्या कर्जांची जी मालमत्ता-गुणवत्ता तपासणी केली, तिच्यानंतर सरकारी बँकांनी जे तोटे दाखवले, ती वर्षं खिडकीतून जाताना त्यांचे आकडे अचानक सुधारतील. बँकांना आम्ही ही पद्धत लावतच नाही, पुस्तकी मूल्य पाहतो. एखादा धंदा वेगळी कंपनी म्हणून बाहेर काढून विभाजन झालेल्या कंपनीत आधीची कमाई मोठ्या, अखंड कंपनीची असते, तीही वेगळी करावी लागते. नव्याने बाजारात आलेल्या कंपनीच्या माहितीपत्रकात २०१८ च्या नियमांनंतर तीनच वर्षांचे हिशेब मिळतात. तेवढ्यावर सरासरी काढून तिला केप म्हणू नये.

केप उलटा केला की कमाईचा दर मिळतो: २०.६ म्हणजे सुमारे ४.९ टक्के. पतसंस्थेच्या ठेवीवर ७ टक्के मिळतात, मग शेअर कशाला, असा प्रश्न लगेच येतो. पण हा ४.९ टक्के महागाई वजा जाऊन आलेला दर आहे. महागाई ५ टक्के असेल तर ठेवीचा खरा दर २ टक्क्यांच्या आसपास, आणि तोही कर भरण्याआधीचा. तुलना करायचीच तर या दोनांची. शेअरवरचा दर हा हमी नसलेला अंदाज आहे, म्हणून मधलं अंतर भरपूर असावं.

कंपनीची तुलना तिच्याच जुन्या केपशी करावी, निफ्टीच्या पीईशी नको. निफ्टीचा पीई ३१ मार्च २०२१ पासून एकत्रित कमाईवर काढला जातो, आधी एकट्या कंपनीच्या कमाईवर होता. त्या एका बदलाने तो सुमारे ४० वरून ३३ वर आला. आम्ही तक्ता वर्षातून एकदाच, जूनमध्ये, वार्षिक अहवाल हातात आल्यावर नवा करतो, आणि तेव्हा दहाही वर्षांचे गुणक नव्या वर्षाच्या निर्देशांकावर पुन्हा काढतो. फक्त शेवटची ओळ जोडून जुने गुणक तसेच ठेवले तर नऊ वर्षं मागच्या रुपयांत राहतात आणि एक वर्ष आजच्या.