संकेतस्थळाची भाषा दुरुस्त करून देतो म्हणाला आणि ४८,१०० रुपये घेऊन गेला

लालबागला आमचे मसाल्याचे दुकान आहे आणि मराठी, गुजराती व इंग्रजी अशा तीन भाषांतले संकेतस्थळ आम्ही पदरमोड करून वर्डप्रेस या संकेतस्थळे बनवण्याच्या प्रणालीवर उभे केले आहे. मार्च ते मे हा आमचा हंगाम. ऐन त्याच वेळी मराठी पानावरची 'ॲड टू कार्ट', 'चेकआउट' अशी बटणे इंग्रजीत दिसू लागली आणि गुजराती निवडले तरी पैसे भरायचे पान इंग्रजीच उघडू लागले. असल्या कामाला माणूस शोधणाऱ्याच्या वाट्याला कशी फसवणूक येते, हे वाचणाऱ्यांना सांगायला नकोच. पण दुरुस्तीला बोलावलेला हा माणूस ओळखीच्या व्यापाऱ्याने सुचवला होता, प्रत्यक्ष दुकानात आला होता आणि तांत्रिक शब्द अचूक वापरत होता.

त्याने आगाऊ १५,००० रुपये घेतले. नंतर भाषांतराच्या प्लगिनचा, म्हणजे संकेतस्थळाला जोडायच्या पूरक सॉफ्टवेअरचा, 'आजीवन परवाना' म्हणून ९,५०० रुपये घेतले. प्रत्यक्षात त्याने बसवले होते ते पॉलिलँग, ज्याची मूळ आवृत्ती फुकट मिळते. शेवटचे बिल २०,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३,६०० रुपयांचे. बिलावर पत्ता अंधेरीचा आणि जीएसटी क्रमांकाची सुरुवात २४ ने, म्हणजे गुजरातची; महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो. क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करताही तपासता येतो. पैसे देण्याआधी तपासा.

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी त्याने गल्ल्यावर स्वतःचा लॅपटॉप उघडून संकेतस्थळ दाखवले, तो क्षण अजून डोक्यातून जात नाही. पान आधी इंग्रजीत आले, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच मराठी झाले आणि पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला भाषांतराचे छोटे चिन्ह उमटले. संकेतस्थळ इंग्रजीच होते. मराठी करत होता त्याचा ब्राउझर. मी विचारलेही, तर "सर्व्हर जरा स्लो आहे, काका" म्हणून त्याने क्यूआर पुढे केला. समोर गिऱ्हाईक खोळंबलेले, मागे मिरचीचे कांडप चालू. अशा वेळी त्या चिन्हाचा अर्थ कोणाच्या ध्यानात येणार? कोणी असे दाखवले तर पान स्वतःच्या फोनवर उघडा, आणि संगणकावर कंट्रोल व यू दाबून पानाचा मूळ मजकूर पाहा. तिथे मराठी नसेल तर काम झालेले नाही.

खरे दुखणे भाचीने एका संध्याकाळी शोधले. वर्डप्रेस मराठीसाठी 'एमआर' या नावाची भाषांतराची फाइल शोधते. त्याने त्या फाइलला 'एमआर-आयएन' नाव दिले होते. भाषांतर पीओ फाइलमध्ये, म्हणजे माणसाने लिहायच्या मसुद्यात, भरले होते, पण संकेतस्थळ जी वाचते ती एमओ फाइल तयारच केली नव्हती. याहून वाईट म्हणजे मालाची वर्णने त्याने डेटाबेसच्या ज्या तक्त्यात भरली, तो सगळ्या लिप्या साठवणाऱ्या युनिकोडचा नसून देवनागरी न साठवणाऱ्या लॅटिन-१ चा होता, त्यामुळे आमच्या हाताने लिहिलेल्या मराठी वर्णनांची निव्वळ प्रश्नचिन्हे झाली. एकदा अशी साठवली गेली की मूळ अक्षरे परत येत नाहीत. काम देण्याआधी बॅकअप स्वतःकडे ठेवा, आणि काम संपताच वापरकर्त्यांची यादी तपासा. याने स्वतःसाठी एक ॲडमिन खाते गुपचूप ठेवले होते.

आता यंत्रणांचे ऐका. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार घेतली, पण पैसे तुम्हीच पाठवलेत, हा सेवेचा वाद आहे, असे सुनावले. बँक म्हणाली, यूपीआयचा पिन तुम्हीच टाकलात. ग्राहक आयोगाकडे चौकशी केली, तर खरेदी व्यापारी कारणासाठी असल्याची अडचण पुढे आली. केवळ उपजीविकेसाठीचा स्वयंरोजगार असेल तर कायद्यात अपवाद आहे, पण तो सिद्ध करत बसायचे आम्ही. पोलीस ठाण्यात तर कमालच झाली. "भाषांतर चुकले म्हणून गुन्हा कसा नोंदवायचा?" असे विचारून ही दिवाणी बाब असल्याचे सांगण्यात आले, मग हद्द अंधेरीची असल्याचे, मग साहेब बंदोबस्तावर असल्याचे. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीचेच आहे आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचे कारण देऊन तक्रार नाकारता येत नाही, हे मी छापील कागद पुढे ठेवून दाखवले. त्यावर तो कागद माझ्याकडेच सरकवण्यात आला. खोटे बिल, खोटा क्रमांक, फुकटच्या वस्तूचे ९,५०० रुपये, यात दिवाणी ते काय?

सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार अजून 'प्रक्रियेत' आहे. त्याचा फोन बंद आहे. मात्र परळच्या एका दुकानदाराला त्याच पद्धतीचा लॅपटॉप दाखवणारा माणूस भेटला, नाव वेगळे होते. गुजराती पान आम्ही बंद ठेवले आहे आणि मराठी वर्णने भाची पाकिटांवरच्या लेबलांवरून पुन्हा टंकत आहे.